फायबर जरूर घ्या, पण दुकानाचा जुना नंबर आधी सांभाळा



तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट आता धंद्याला पुरत नाही. बिलिंग क्लाउडवर, कॅमेरे मोबाईलवर, जीएसटी ऑनलाईन. फायबर घ्यायलाच हवं, त्यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या गोष्टीवर. कनेक्शन द्यायला आलेला माणूस म्हणतो, "जुनी लाईन बंद करून टाका साहेब, दोन-दोन बिलं कशाला?" आणि आपण दुसऱ्याच दिवशी अर्ज देऊन मोकळे होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कनेक्शन कुणाचंही घ्या, पण नंबरचा निर्णय झाल्याशिवाय जुनी लाईन सरेंडर करायची नाही.

मोबाईलमुळे आपली एक समजूत झालीय. २०११ पासून देशभर मोबाईल नंबर पोर्ट होतो, १९०० वर मेसेज टाकला की काम सुरू. ही सोय लँडलाईनला नाही. सांगलीचा ०२३३ चा बीएसएनएलचा नंबर उचलून खासगी फायबर कंपनीकडे नेता येत नाही. त्या कंपन्या प्लॅनबरोबर लँडलाईन देतात, पण नंबर नवा असतो. सेल्समन "होईल हो पोर्ट, बघू" म्हणाला, तर त्याला लिहून द्यायला सांगा. कुणी लिहून देत नाही!

"पण आता लँडलाईनवर फोन करतंय कोण?" हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. अंदाज नको, मोजा. महिनाभर फोनशेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक कॉल लिहा: कोण, कुठून, कशासाठी. कॉल किती आले यापेक्षा कुणाचे आले ते बघा. तालुक्याच्या गावातला वीस वर्षांचा जुना गिऱ्हाईक वर्षातून दोनदाच फोन करत असेल, पण दिवाळीची मोठी ऑर्डर त्याच फोनवर देत असेल. उलट सगळे कॉल कर्ज आणि क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचेच निघाले, तर खुशाल बंद करा. वडिलांच्या काळचा नंबर आहे म्हणून भावनेपोटी दरमहा भाडं भरू नका. धंदा आहे, देवघर नाही.

ज्यांचा माल पाकिटात जातो, त्यांनी मात्र वहीच्याही आधी आपलं पाकीट बघावं. मसाले, पापड, फरसाण, अगरबत्ती, काहीही असो. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पॅकबंद मालावर ग्राहकाच्या तक्रारीसाठी फोन नंबर आणि ईमेल छापावा लागतो. तुमच्या पाउचच्या रोलवर लँडलाईन छापलेली असेल, तर गोदामातला शिल्लक रोल आणि दुकानादुकानांत पोचलेला माल, दोन्हीवर तोच नंबर आहे. लाईन बंद केली की त्या पाकिटावरचा फोन लागणार नाही. आणि सोडलेला नंबर कंपनी पुढेमागे दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग तुमच्या ग्राहकाची तक्रार भलत्याच घरी वाजेल. रोल संपेपर्यंत लाईन चालू ठेवायचा खर्च आणि नवीन छपाईचा खर्च शेजारी शेजारी मांडा, उत्तर आपोआप मिळेल. पाटी, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड हे तुलनेनं किरकोळ.

नंबर ठेवायचं ठरलं, तर रस्ते दोन. पहिला, त्याच कंपनीचं फायबर. बीएसएनएलमध्ये तांब्याच्या लाईनवरून फायबरवर जाताना बऱ्याच ठिकाणी तोच नंबर राहतो. पण फायबरचं काम अनेक गावांत स्थानिक भागीदाराकडे असतं आणि त्याच्यासाठी नवं कनेक्शन लावून मोकळं होणं सोपं. म्हणून अर्जावरच स्पष्ट लिहा, "जुना नंबर कायम ठेवून", आणि पोच घ्या. दुसरा रस्ता, नेट दुसऱ्याचं घ्या, जुनी लाईन सगळ्यात स्वस्त प्लॅनवर आणा आणि तिचे कॉल मोबाईलवर फॉरवर्ड करा. फॉरवर्ड झालेला प्रत्येक कॉल तुमच्या लँडलाईनवरून केलेला कॉल धरला जातो, तेव्हा त्या प्लॅनमध्ये आउटगोइंग किती आहे ते विचारून घ्या. मला व्यक्तिशः पहिला रस्ता आवडतो, पण तुमच्या गल्लीत त्या कंपनीचा लाईनमन वेळेवर येत नसेल, तर दुसराच बरा.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? जुन्या पेढ्यांमध्ये ते सर्रास आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं, आणि ते जाऊन दहा वर्षं झालेली असतात. बिल भरलं जातं म्हणून कुणी विचारत नाही. फायबरवर जायचा अर्ज दिला की सही कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. भाऊ वेगळे झाले असतील तर विचारूच नका. म्हणून आधी मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती घेऊन नाव बदलून घ्या, मग फायबरचं बघा.

नंबर राहणार असेल, तर त्याच्याकडून कामही करून घ्या. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाईन नंबरवर सुरू होतं. एसटीडी कोडमधला पहिला शून्य काढून नंबर टाकायचा आणि मेसेजऐवजी कॉलनं कोड मागायचा. पाकिटावर छापलेल्या त्याच नंबरावर ग्राहक फुटलेल्या पाकिटाचा फोटो पाठवू शकतो.

आणि लोडशेडिंगवाल्या भागातल्या मंडळींसाठी: तांब्याच्या लाईनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून दुकानात अंधार असला तरी साधा फोन वाजायचा. फायबरवरचा फोन राउटर बंद पडला की मुका होतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. कनेक्शन बसवतानाच तो लावून घ्या, आणि मेन स्विच पाडून एकदा स्वतः मोबाईलवरून दुकानाचा नंबर लावून बघा.