जोर रेघेत नाही, ‘च’मध्ये आहे

लेखनातील जोर, म्हणजे वाक्यातील एका शब्दाकडे वाचकाचे लक्ष मुद्दाम वळवणे, हा अक्षरांच्या रूपाने साधतो, असा एक पक्ष आहे. कागदावर आवाज चढवता येत नाही, म्हणून अक्षर ठळक किंवा तिरपे करावे, शब्दाखाली रेघ ओढावी, असे त्याचे म्हणणे. आणि बेंगळुरूच्या पाट्या त्याच्या बाजूने साक्ष देतात असे वाटते, कारण २०२४ च्या कायदादुरुस्तीने तेथे दुकानांच्या नामफलकांवर ६० टक्के कन्नड, आणि तीही वरच्या भागात, बंधनकारक केली आहे.

हा पक्ष टिकत नाही. पाटीचा नियम भाषांचा मान ठरवतो, वाक्यातील शब्दाचे वजन नव्हे. शिवाय तेथेही ६० चा मोठेपणा उरलेल्या ४० मुळेच दिसतो, म्हणून प्रत्येक ओळ ठळक छापणारा आपलाच जोर बुडवतो. तिरपे अक्षरही जोरासाठी जन्मले नाही. व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतियुस यांनी १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य त्याच वळणात छापले. रेघेची गत तर याहून वाईट. कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहितात, त्याला ‘ओत्तु’ म्हणतात, आणि ‘ओत्तु’ म्हणजे दाब, भर. त्यामुळे त्या लिपीतील ‘कन्नड’ या शब्दाला खेटून ओढलेली रेघ नेमकी ‘न’खालच्या ओत्तुला छेदते, आणि भर देण्याच्या नादात भरच खोडला जातो. देवनागरीत हाच प्रसंग उकारांवर ओढवतो.

खरा जोर वाक्याच्या घडणीत असतो. मराठीतील ‘च’ हे शब्दाला चिकटून त्याचे वजन वाढवणारे अव्यय आहे: ‘तोच आला’ म्हटले की इतर कोणी आले नाही असे कळते, ‘तो आलाच’ म्हटले की त्याचे येणे टळले नाही असे कळते, अक्षर तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो. कन्नड हेच काम ‘ए’ या प्रत्ययाने करते, म्हणून तेथे ‘अवनु’ म्हणजे तो आणि ‘अवने’ म्हणजे तोच. ज्ञानेश्वरीत हाच ‘च’ ‘चि’ या रूपाने आढळतो, आणि त्याला ठळक खिळ्यांची वाट पाहावी लागली नाही.

मथळा किंवा धोक्याची सूचना वाचण्याआधीच डोळ्यांत भरावी लागते, तेथे ठळक अक्षर योग्यच आहे. वाक्यात मात्र रेघ ओढण्यापूर्वी ‘च’ कोठे बसतो ते पाहावे. तो नीट बसला, तर रेघ लागतच नाही.