नोटरीच्या शिक्क्याने घर होत नाही

दोस्तांनो, घरावर आपल्याकडे कविता पुष्कळ झाल्या. मी आज सातबाऱ्यावर लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

१९९४ साली गिरणीचा हिशेब हातात पडला तेव्हा माझ्या बापाने शहराच्या टोकाला दीड गुंठा घेतला. शंभराचा स्टॅम्प, नोटरीचा लाल शिक्का, चार साक्षीदार. म्हातारा तो कागद बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवायचा. चौदा वर्षांनी एक जण नोंदणीचं खरेदीखत घेऊन आला, म्हणाला, जागा खाली करा. वकिलाने आमचा कागद बघितला आणि घडी घालून परत हातात दिला. बस्स. तेवढाच निकाल.

च्यायला, कायदा काय लपून बसला होता? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, कलम ५४. नोंदणी कायदा १९०८ चा, कलम १७. शंभर रुपये आणि त्यापुढच्या किमतीची जमीन, घर विकायचं तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नुसत्या साठेखताने, कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ साली पुन्हा बजावलं.

पण नोंदणी झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे का, हे तो शोधत बसत नाही. ते आपणच शोधायचं. मी शोधलं, उशिरा. जुने फेरफार काढले आणि कपाळाला हात लावून बसलो. जमीन महार वतनाची निघाली!

वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडलं. १९५८ च्या कायद्याने ही वतनं खालसा झाली. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या एका शर्तीवर: परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहितात ते यासाठी. आमच्याच कुणा अडलेल्या माणसाचा अंगठा घेऊन ती कुणीतरी काढली, तुकडे पाडले आणि आम्हालाच विकली. लुटला तोही महार, फसला तोही महार. मधल्याची माडी उभी राहिली. त्या खरेदीखतवाल्याकडेही परवानगी नव्हती. पण त्याच्याकडे वकिलांची फौज होती. दावा पडून आहे. बाप गेला.

म्हणून सांगतो. इसार देण्याआधी ताजा सातबारा काढा, शहरात मालमत्ता पत्रक. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा बघा. तीस वर्षांचे फेरफार आणि सूची दोन तपासा. बहिणींसकट सगळ्या वारसांची संमती आहे का, विचारा. शेतजमिनीचे प्लॉट पाडले असतील तर बिनशेतीचा हुकूम मागा. एजंट म्हणेल, आपलाच माणूस आहे, भरवसा ठेवा. ठेवू नका.

आपली पोरं म्हणतात, ही कारकुनी आहे, क्रांतीत बसत नाही. अरे, ज्यांनी हजारो वर्षं अक्षर आपल्यापासून चोरून ठेवलं, तेच आज अक्षराने लुटतायत. आणि आपण शिकलेले, मोर्च्यात घसा फोडतो आणि घरचा कागद वाचत नाही!

येत्या रविवारी घरी जा. फोटोमागचा कागद काढा. म्हाताऱ्याला जवळ बसवा आणि मोठ्याने वाचा.