बुद्धिबळाची शिकवणी आणि पतपेढीचे कर्ज

एसटीतील एखाद्या वाहकाची दहा वर्षांची मुलगी जिल्हा स्पर्धेत दुसरी येते आणि त्या घरात आजवर कधी न उद्भवलेला प्रश्न उभा राहतो. मुलीत चमक आहे, तिला ग्रँडमास्टरची शिकवणी लावा, उशीर केलात तर संधी गेली, असे चारचौघे सांगू लागतात. अशा शिकवणीची फी तासावर मोजली जाते. ती तासाला 2,000 रुपये धरली आणि आठवड्याचे दोनच तास घेतले, तरी महिन्याला 16,000 व वर्षाला 1,92,000 रुपये होतात. ही रक्कम घरात पडून नसते. ती पतपेढीच्या कर्जातून किंवा भविष्यनिर्वाह निधीतून काढावी लागते. म्हणूनच हा प्रश्न हौसेमौजेचा म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

शिकवणीच्या बाजूने नेहमी विजेत्यांचे दाखले दिले जातात. 2024 च्या डिसेंबरात सिंगापूर येथे डिंग लिरेनला हरवून गुकेश जगज्जेता झाला. 2025 च्या जुलैत बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. या यशाचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु त्यावरून निष्कर्ष काढणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. गुकेशचे वडील शल्यचिकित्सक, आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. मुलाबरोबर देशोदेशी हिंडण्यासाठी वडिलांनी आपला व्यवसाय बाजूला ठेवला, तेव्हा ते घर आईच्या मिळकतीवर तरले. वाहकाने नोकरी सोडली तर त्याचे घर कशावर तरेल? आणि तितकीच फी भरून जी मुले अर्ध्या वाटेवरून परतली, त्यांची नोंद कोठेच होत नाही. बुडीत खाती वगळून दाखवलेला नफा वाण्याच्या वहीतही खोटाच ठरतो.

शिवाय फी हा खर्चाचा केवळ आरंभ असतो. ग्रँडमास्टर पदासाठी 2500 गुणांकन लागते आणि सामान्यतः तीन नॉर्म मिळवावे लागतात. त्यासाठी परदेशी आणि किताबधारी प्रतिस्पर्ध्यांशी खेळणे भाग असते. प्रवास, मुक्काम, प्रवेशशुल्क हे सारे पुढेच आहे. शिकवणीतच गाठीचा पैसा संपवणारे कुटुंब ऐन खेळण्याच्या वेळी रिकाम्या हाताने उभे राहते.

मग हा महागडा गुरू नेमके काय विकतो? एके काळी ज्ञानच दुर्मीळ होते. सोव्हिएत नियतकालिकांतील डाव समजावेत म्हणून बॉबी फिशरला कामापुरती रशियन भाषा शिकावी लागली. आज जगज्जेत्यालाही भारी पडणारी स्टॉकफिश ही संगणक-प्रणाली कोणालाही फुकट मिळते, आणि लिचेससारखे ना-नफा संकेतस्थळ खेळायला, सरावाला एक पैसा घेत नाही. ज्ञानाची मक्तेदारी या एका क्षेत्रात तरी मोडली आहे, आणि ती मोडली आहे मुक्तहस्ते श्रमदान करणाऱ्यांमुळे. गुरूपाशी उरते ते पारख. कोणती चाल चुकली हे यंत्र सांगते. तीच चूक याच मुलीच्या हातून वारंवार का होते, हे जाणता माणूसच सांगू शकतो. गुकेशला ग्रँडमास्टर होईपर्यंत संगणकापासून दूर ठेवण्याचा निर्णय त्याचे शिक्षक विष्णू प्रसन्ना यांचा होता. असा निर्णय कोणतेही यंत्र घेणार नाही, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि पारख करायची तर पारखण्याजोगे काही समोर हवे. जी मुलगी अजून मोहरे फुकट देते, दोन चालींपुढचा धोका जिला दिसत नाही, तिला ग्रँडमास्टर सांगेल तेच गावातला एखादा निवृत्त, मुरलेला खेळाडू चहाच्या कपावर सांगेल. तिने शेदोनशे स्पर्धात्मक डाव खेळावेत, ते लिहून ठेवावेत, हरलेल्या डावांची चिरफाड स्वतः करावी. गावात तिला हरवणारे कोणी उरले नाही आणि तरीही तीच चूक सुटत नाही, असे दिसले तर त्या डावांची वही घेऊन जाणत्या गुरूचे दहा तास जरूर घ्यावेत. ते दहा तास वर्षभराच्या रतिबापेक्षा अधिक देतील. पटावर बसण्याची ओढ मुलीची आहे की बापाची, हेही त्यापूर्वी एकदा प्रामाणिकपणे पाहावे. पुष्कळ घरांत ती बापाचीच निघते.

पण हा सारा निर्णय एकट्या वाहकाच्या माथी का यावा? युद्धाने होरपळलेल्या लेनिनग्राडमध्ये गरीब घरातला बोरिस स्पास्की पायोनियर पॅलेसमध्ये व्लादिमीर झाक यांच्या हाताखाली शिकला; त्याच्या आईला फीची चिंता नव्हती. त्या व्यवस्थेची चाळण निर्दय होती आणि तिच्या राजवटीचे दोष झाकण्याचेही कारण नाही. परंतु मूल पारखण्याचा खर्च समाजाने उचलायचा, हे तत्त्व तिने मानले होते. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातील मिखाईल ताल याच्या नावाच्या क्लबात लहानगा आनंद खेळायला जात असे, तो याच तत्त्वाचा दूरवर पोहोचलेला एक कवडसा. आपल्याकडेही सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने हेच काम आयुष्यभर केले. त्यासाठी सांगली हे काही महानगर असावे लागले नाही.

नगरपालिकेच्या शाळेची खोली संध्याकाळी रिकामीच असते. तेथे आठ मुले, चार पट आणि डावांच्या वह्या एवढे जमले तर आठवड्याचा सराव गावातल्या जाणत्यांकडून होईल. महिन्यातून एकदा त्याच ग्रँडमास्टरला दोन तासांसाठी बोलवायचे, तर 4,000 रुपये लागतील. प्रवासखर्च सोडला तर प्रत्येक घरामागे 500.