झाडाला कर आहे, ग्रंथालयाला का नाही?

मालमत्ता कर भरणाऱ्या प्रत्येक शहरवासीयासाठी पत्रक



मालमत्ता कराचं बिल आलं की आपण दोनच गोष्टी बघतो: शेवटचा आकडा आणि सवलतीची शेवटची तारीख. यंदा एक मिनिट जास्त काढा आणि मधल्या ओळी वाचा. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलप्रवाह कर, पथकर, वृक्ष उपकर, पालिकेचा शिक्षण कर, राज्याचा शिक्षण कर. दुकान किंवा कचेरी असेल तर रोजगार हमी उपकर. नावं शहरागणिक थोडी बदलतात, यादी साधारण हीच असते.

आता यात ग्रंथालय शोधा. चष्मा पुसून शोधलंत तरी सापडणार नाही.

झाडासाठी आपण कर भरतो आणि तो भरलाच पाहिजे. पण ज्या कागदासाठी झाड तोडलं जातं, तो कागद वाचायला बसण्याची जागा या शहरात असावी, यासाठी आपल्याकडून ठरलेला असा एक पैसाही घेतला जात नाही. त्यामुळे ग्रंथालयाला हक्काने काही मिळतही नाही. मिळतं ते अनुदान. येतं तेव्हा येतं, जेवढं येतं तेवढं येतं. आमचं म्हणणं एवढंच आहे: ग्रंथालय मेहेरबानीवर नको, बिलातल्या ओळीवर, म्हणजे मालमत्ता करावरच्या दोन टक्के ग्रंथालय उपकरावर, चाललं पाहिजे.

असं का झालं?

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याआधी १९४८ मध्येच मद्रास प्रांताने ग्रंथालय कायदा केला होता. त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांची खटपट होती आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर होता. कर्नाटकाने १९६५ मध्ये कायदा केला. तिथे मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे. केरळात पाच टक्के आहे. गोव्याने १९९३ च्या कायद्यात वेगळीच वाट काढली आणि दारूवरच्या अधिभारातून ग्रंथालय निधीची सोय केली. पिणाऱ्याच्या पेल्यातून वाचणाऱ्याच्या टेबलावर चार पैसे आले.

महाराष्ट्राने मात्र उपकर ठेवलाच नाही. आपल्या कायद्याने सरकारवर बंधन घातलं ते वर्षाला किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालण्याचं. बाकी सगळं त्या-त्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर आणि त्या-त्या मंत्र्याच्या मर्जीवर.

पालिकेकडे जावं तर तिथेही कायदा आडवा येतो. महानगरपालिका अधिनियमात पालिकेची कामं दोन याद्यांत वाटली आहेत. पाणी, गटार, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा ही बंधनकारक. ग्रंथालयं, वस्तुसंग्रहालयं ऐच्छिक. म्हणजे पालिका मुलाला अक्षर शिकवायला बांधील आहे. अक्षर आल्यावर त्याने वाचायचं काय, हा पालिकेच्या लहरीचा प्रश्न.

अनुदान म्हणजे किती?

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. बहुतेक लोकांनी, संस्था करून, वर्गण्या गोळा करून उभी केलेली. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाला कित्येक वर्षं वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळत होते. महिन्याचे २,५०० झाले. त्यात पुस्तकं घ्यायची, वर्तमानपत्रांची बिलं भरायची, विजेचं बिल भरायचं आणि उरलं तर ग्रंथपालाच्या हातावर काहीतरी ठेवायचं. पुढे वाढ झाली, पण वाढवूनही रक्कम महिन्याला काही हजारांच्या घरातच राहिली.

शहरातल्या जुन्या ग्रंथालयाचं दुखणं तुम्ही पाहिलंच असेल. वाचकांचा हॉल महिन्यातून चार दिवस साड्यांच्या सेलला भाड्याने जातो, कारण त्या भाड्यातून पंख्यांचं बिल भागतं. दिवाळी अंकांच्या योजनेवर वर्षाची तोंडमिळवणी होते. पुस्तकांची नोंद करणाऱ्या बाईंना मिळतं ते मानधन. वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. तरी त्या कुलूप उघडतात. आपलं शहर त्या चिकाटीवर फुकट वाचतंय.

‘मी वाचत नाही, मग मी का भरू?’

हा प्रश्न सोसायटीच्या बैठकीत हमखास येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

तुमच्या घराला कधी आग लागली आहे? बहुतेकांच्या नाही. तरी बंबाचा खर्च आपण उचलतो. तुमची मुलं पालिकेच्या शाळेत जातात? बहुधा नाही. तरी शिक्षण कर भरता. तळमजल्यावर राहणारेसुद्धा सोसायटीच्या लिफ्टचा खर्च भरतात, थोडी कुरकुर करून का होईना. शहर म्हणजे एक मोठी सोसायटीच आहे. ज्याने-त्याने वापरलं तेवढंच भरायचं ठरवलं, तर त्याला शहर म्हणत नाहीत; त्याला बाजार म्हणतात.

आणि हे तत्त्व महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली. तिच्या पैशासाठी १९७५ मध्ये पगारदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशातून दुष्काळी तालुक्यातल्या पाझर तलावावरच्या बाईची मजुरी निघाली. त्या कारकुनाने कधी खडी फोडली नव्हती. तरी व्यवस्था टिकली आणि २००५ मध्ये साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. हाताला काम मिळावं म्हणून ज्या राज्याने शहराच्या खिशात हात घातला, त्याला डोक्याच्या खुराकासाठी शेकडा दोन मागताना लाज का वाटावी?

‘वाचणाऱ्यांनी वर्गणी काढावी!’

काढत आलेच आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. मराठी माणसाने ग्रंथालयासाठी हात आखडता घेतला, असं कुणी म्हणू शकणार नाही. पण वर्गणीच्या दाराला उंबरठा असतो. ज्याला वर्गणी परवडते तो आत, बाकीचे बाहेर. आणि त्या काळी बाहेर नेमकं कोण उभं होतं, हे सांगायला नको.

म्हणूनच बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दुसरा रस्ता धरला. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. गावाने रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांसाठी कायदाच केला. राजे-महाराजांना सुचलं ते लोकशाहीला जड जातंय.

एक जुनी हकीकत आठवा. परळच्या चाळीत एका खोलीत कुटुंब राहायचं. अभ्यासाला जागा नव्हती. शाळेतला भीमराव पुस्तक घेऊन चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसायचा. तिथे शिक्षक आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याशी त्याची ओळख झाली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं आणि पुढे सयाजीरावांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले.

यातली बुद्धी आणि जिद्द त्यांची स्वतःची. पण बसायला मिळालेली बाग सार्वजनिक होती आणि शिष्यवृत्ती संस्थानच्या तिजोरीतली, म्हणजे रयतेच्या पैशाची होती. त्या बागेला तिकीट असतं तर? ‘बाग वापरणाऱ्यांनीच बागेचा खर्च करावा’ असं त्या वेळी कुणी ठरवलं असतं तर?

‘आता सगळं मोबाइलवर आहे.’

मोबाइलवर मजकूर आहे. खुर्ची नाही, पंखा नाही, शांतता नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आजी, टीव्ही, शिवणयंत्र आणि बारावीची मुलगी एकत्र असतात, तेव्हा मोबाइलचा उपयोग कानात बोळे घालण्यापुरता. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत एमपीएससीची पोरं महिन्याचे पैसे मोजून खासगी अभ्यासिकेत एक खुर्ची भाड्याने घेतात. ज्याच्या बापाच्या सोयाबीनला भाव मिळाला त्याची खुर्ची राहते, ज्याच्या नाही त्याची सुटते. शहरात बसायच्या जागेचा बाजार भरतो, याचा अर्थ जागेची गरज संपलेली नाही. उलट ती इतकी आहे की लोक तिचं भाडं घेतात.

‘पालिकेला आणखी पैसे? खड्डे बघा आधी!’

सगळ्यांत खरा आक्षेप हाच. आम्हीही त्याच खड्ड्यांतून स्कूटर चालवतो. आणि ग्रंथालय चळवळीचेही हात अगदी धुतलेले नाहीत. २०१२ मध्ये महसूल खात्याने राज्यभर पडताळणी केली, तेव्हा काही ग्रंथालयं फक्त पाटीवर आणि अनुदानाच्या यादीत सापडली. त्याचा राग नव्या मान्यतांवर निघाला. चोराच्या नावाने सावाला कोंडलं गेलं. उपकर असला तरी सगळं आलबेल होतं असंही नाही. कर्नाटकात पालिका उपकर गोळा करतात आणि ग्रंथालय खात्याला वेळेवर देत नाहीत, ही तक्रार जुनी आहे.

म्हणूनच आम्ही नुसता कर मागत नाही. वेगळं खातं मागतो. सर्वसाधारण कराच्या समुद्रात पडलेला रुपया शोधता येत नाही. ज्या रुपयावर नाव लिहिलेलं असतं, त्याचा जाब विचारता येतो. बिलातली ओळ हा आपल्यावरचा बोजा आहे, तसाच पालिकेच्या मानेवरचा हातही आहे.

हिशेब

मालमत्ता कर वर्षाला १०,००० रुपये असेल, तर दोन टक्क्यांनी २०० रुपये होतात. महिन्याला सतराही नाहीत. एवढ्यात अमृततुल्यात दोघांचा चहा नीट होत नाही. ज्या शहरात १०० कोटी मालमत्ता कर जमतो, तिथे मात्र हे वर्षाचे दोन कोटी होतात, दरवर्षी, न मागता. ज्यांची घरं लहान म्हणून करमाफ आहेत, त्यांना हा उपकरही माफच असावा. दार मात्र त्यांनाही तितकंच उघडं हवं.

आमच्या मागण्या

१. राज्य सरकारने १९६७ च्या कायद्यात दुरुस्ती करून मालमत्ता करावर दोन टक्के ग्रंथालय उपकर लावावा. तो स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, दुसरीकडे वळवण्यास मनाई असावी.

२. महानगरपालिका अधिनियमात ग्रंथालय ऐच्छिक यादीतून बंधनकारक यादीत आणावं.

३. दुरुस्ती होईपर्यंत पालिकेने थांबू नये. ऐच्छिक काम करायला कायद्याची मनाई नाही. येत्या अंदाजपत्रकात ग्रंथालयं आणि अभ्यासिकांसाठी स्वतंत्र तरतूद करावी.

४. या पैशातला ठरलेला हिस्सा ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी राखून ठेवावा. पुस्तकं स्वतःहून कपाटात जाऊन बसत नाहीत.

५. प्रत्येक ग्रंथालयाच्या दारावर वर्षाचा जमाखर्च मराठीत, मोठ्या अक्षरात लावावा. जे लावणार नाही त्याचा पैसा थांबवावा.

तुम्ही काय करायचं?

कर बुडवू नका, उशिरा भरू नका. बुडवणाऱ्याला मागण्याचा अधिकार नसतो. वेळेवर भरा, आणि भरताना खालचा मजकूर कापून, सही करून खिडकीवर द्या. पोच मागा. ऑनलाइन भरत असाल तर प्रभागाच्या कार्यालयात नेऊन द्या. मत मागायला दारात येणाऱ्यालाही एक प्रत द्या आणि त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. खिडकीवरचा कर्मचारी म्हणेल, ‘हे आमच्याकडे येत नाही.’ त्याला नम्रपणे सांगा, ‘तेच तर आमचं म्हणणं आहे.’

आपले,
ग्रंथालयाच्या बाकावर बसून मोठे झालेले काही करदाते

✂ - - - - - - - - - - - - - - - - - - - -

मा. आयुक्त / मुख्याधिकारी यांस,

मी या शहराचा/ची करदाता आहे. या वर्षीचा मालमत्ता कर मी भरला आहे. माझ्या बिलात ग्रंथालयासाठी एकही ओळ नाही. ती घालावी, मी भरीन. पैसा कुठे खर्च झाला हे मात्र दरवर्षी मला कळवावं.

सही: ........................  प्रभाग: ..............  दिनांक: ..............