अर्जात लिहिलं होतं, ‘कावीळ’



गेल्या वर्षी पाचव्या सेमिस्टरला माझ्या रूममेटच्या सुट्टीचा अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. ‘कावीळ झाल्यामुळे पूर्ण विश्रांतीची गरज आहे...’ वगैरे वगैरे. रेक्टर सरांनी सही केली, वर ‘त्याला सांग, तेलकट खाऊ नको’ असंही प्रेमाने बजावलं. सगळं खोटं होतं. तो पस्तीस दिवस व्यसनमुक्ती केंद्रात होता. (सर, माफ करा. पण पुढचं वाचा आणि मग रागवा.) हे त्याला विचारूनच लिहितोय. मसुदा त्याने वाचलाय आणि दोन ठिकाणी ‘एवढं रडकं नको रे’ म्हणून काट मारलीय.

हॉस्टेलमध्ये ‘बसणं’ या क्रियापदाचा खरा अर्थ पहिल्या महिन्यातच कळतो. सबमिशन संपलं, बसू. केटी लागली, बसू. केटी निघाली, मग तर बसलंच पाहिजे! महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ आणि बाकीच्या दारूसाठी २५ वर्षं लागतात, हा कायदा आपल्या विंगमध्ये कुणाला ठाऊक असेल तर त्याला माझ्यातर्फे एक कटिंग. बहुतेक जण बसतात आणि उठतात. हा उठला नाही. थर्ड इयरपर्यंत सकाळी त्याचे हात थरथरायला लागले. ओरलला एक्स्टर्नल म्हणाले, ‘घाबरू नकोस, पाणी पी.’ आम्हालाही वाटलं की टेन्शन असेल. खरं कारण वेगळंच होतं. रात्रीची उतरली की थरथर सुरू व्हायची आणि बाटलीतला उरलेला घोट पोटात गेला की थांबायची.

गणपतीला तो घरी गेला. घरात बाप्पा, म्हणून दारू एकदम बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती चालू असताना त्याला फिट आली. हे मला आधी माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल म्हणून ठळक सांगतो : रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद केली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. तेव्हा ‘मर्द असशील तर आजपासून सोड’ ही जी पैज आपण लावतो ना, ती सरळसरळ जिवावरची पैज आहे.

त्याच्या वडिलांनी आधी एका हायवेवरच्या बोर्डावरचा नंबर फिरवला. पलीकडून उत्तर आलं, ‘पत्ता द्या फक्त, आमची पोरं येऊन उचलून नेतील. तीन महिने भेटायचं नाही.’ काका घाबरले आणि फोन ठेवला, हे फार बरं झालं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. रुग्णाला साखळीने बांधायला त्यात सक्त मनाई आहे, आणि स्वतःहून दाखल झालेल्याला स्वतः अर्ज करून बाहेर पडायचा हक्क आहे. ज्या केंद्रात डॉक्टर नाही, नोंदणीचा कागद दाखवत नाहीत आणि घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथे आपला माणूस सोडू नये, एवढं तरी लक्षात ठेवा.

चांगली केंद्रं आपल्याकडे आहेत. पुण्याचं मुक्तांगण बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. गर्दच्या व्यसनावरचे अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसे दिले. माझा मित्र तिथे नव्हता, दुसरीकडे होता. पण पस्तीस दिवसांचा मुक्काम आणि एकूण पद्धत साधारण तशीच.

मी दोन रविवारी त्याला भेटायला गेलो. दारातच माझी बॅग तपासली आणि डिओ काढून घेतला. म्हटलं, हे काय? तर म्हणे, त्यात अल्कोहोल असतं, आणि पिणाऱ्याला कशाचंही काही वाटत नाही. त्याचा मोबाईल पहिल्याच दिवशी जमा झालेला. पहिला आठवडा म्हणजे निव्वळ हॉस्पिटल. थरथर आणि फिट येऊ नये म्हणून गोळ्या, त्यांचा डोस दर दिवशी थोडा कमी. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कारण दारूने ते शरीरातून पार संपलेलं असतं आणि त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘त्या आठवड्यात मी कोण, कुठे, काही कळत नव्हतं,’ तो म्हणाला.

खरी परीक्षा त्यानंतर. सकाळी सहाला उठायचं (आपला हिरो, जो साडेनऊच्या लेक्चरला दहाला उठायचा!). योगासनं, मग झाडलोट. चपात्यांची पाळी. मेसमध्ये ताट उचलून न ठेवणारा हा गडी तिथे रोज साठ चपात्या लाटत होता आणि त्या बऱ्यापैकी गोल होत्या, मी स्वतः खाल्ल्यात. दुपारी गटात बसायचं. त्या गटात एक रिक्षावाले काका, एक बँकेतले साहेब, एक रिटायर्ड पोलीस आणि हा. दारूने काय काय घालवलं ते प्रत्येकाने वहीत लिहायचं आणि मोठ्याने वाचायचं. त्याने पहिल्यांदा अर्धं पान लिहिलं. समुपदेशक म्हणाले, ‘छान. आता खरं लिही.’ हे समुपदेशक स्वतः एकेकाळी तिथलेच पेशंट, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत. शेवटी वही अठरा पानांची झाली. त्यात आईच्या कानातले होते.

जाता जाता आपल्या कामाची एक गोष्ट. दारू सोडलेल्यांना कधी कधी डायसल्फिराम नावाची गोळी देतात. हे रसायन मुळात रबराच्या व्हल्कनायझेशनमधलं! रबर कारखान्यातल्या कामगारांना दारू घेतली की भयंकर त्रास होतो हे १९३०च्या दशकात लक्षात आलं, आणि १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये त्याचा औषध म्हणून उपयोग सुरू झाला. ही गोळी असताना प्यायलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. म्हणूनच ती डॉक्टरांनी, पेशंटला सांगूनच द्यायची असते. चोरून भाजीत कालवून नव्हे, जसं काही घरांत करतात.

दुसऱ्या रविवारी समुपदेशकांनी घरच्यांबरोबर मलाही आत बसवलं. काकांना ते म्हणाले, ‘त्याची उधारी आता तुम्ही फेडायची नाही.’ मग माझ्याकडे वळले. ‘तुम्ही त्याची कोणकोणती कामं करत होता?’ मी अभिमानाने सांगायला सुरुवात केली : प्रॉक्सी, दोन जर्नल्स, शीट्स, आणि घरून फोन आला की ‘तो लायब्ररीत आहे’ हे उत्तर. बोलता बोलता माझाच आवाज बारीक झाला. मी दोस्ती निभावत होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात त्याला निवांत पिता यावं म्हणून मी ओव्हरटाइम करत होतो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढंच. ते अजून डोक्यातून जात नाही.

पस्तीस दिवसांनी माणूस दुरुस्त होऊन बाहेर येतो, असं मात्र नाही. उपचारानंतर साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा एकदा तरी घसरतात. दमा आणि ब्लडप्रेशरच्या पेशंटचंही असंच होतं. पण दमा उलटला म्हणून कुणी हॉस्टेलमधून काढत नाही. आमचा मित्र गॅदरिंगच्या रात्री घसरला. फरक एवढाच की या वेळी पहाटे त्याने स्वतः केंद्रात फोन लावला आणि पहिल्या एसटीने गेला. चार दिवसांनी परत आला. मी प्रॉक्सी लावली नाही. त्याने शिव्या घातल्या, नंतर चहा पाजला.

आता मुद्द्याचं. आपल्या हॉस्टेलचा नियम सरळ आहे : दारू सापडली की पालकांना बोलावणं आणि रूम खाली. रूमवर पार्टी करून रात्रभर धिंगाणा घालणाऱ्यांना हा नियम लागू झाला तर मी चकार शब्द काढणार नाही. पण स्वतः येऊन ‘सर, मला सुटत नाहीये’ म्हणणाऱ्यालाही तोच नियम? मग कोण येणार सांगायला? आमच्यासारखे कावीळच लिहिणार. अपेंडिक्सला मेडिकल रजा मिळते, हजेरीत सूट मिळते. याला का नाही? २०१९ च्या एम्सच्या देशव्यापी पाहणीनुसार दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसले तरी उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार तर १८० मध्ये एकालाच. आमच्यातला हा एक त्या १८० मधला होता, आणि त्याला चोरासारखं जावं लागलं.

म्हणून रेक्टर सर आणि प्राचार्यांना विनंती आहे. केंद्राचं सर्टिफिकेट मेडिकल म्हणून घ्या. आजार कोणता हे फक्त एका व्यक्तीला माहीत असू द्या. गुप्ततेचा हक्क त्या २०१७ च्या कायद्यातच आहे. परत आलेल्याची रूम त्याला मिळू द्या. आणि नोटीस बोर्डावर रॅगिंगच्या नंबरशेजारी १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनही लावा. छापायचा खर्च मी देतो.

विंगमधल्या मित्रांना एवढंच : त्याला ‘अरे, एक बिअरने काय होतंय’ म्हणू नका. त्याच्यासमोर बसू नका असं मी सांगणार नव्हतो, तो स्वतःच उठून जातो. पण दोनदा त्याच्या मागे जिन्यापर्यंत ओरडत गेलात, ते बरं नाही.

येत्या रविवारी त्याला फॉलो-अपला जायचंय. सर, अर्ज सोबत जोडतोय. या वेळी कारणाच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने खरं लिहिलंय.

— टी. ई. मेकॅनिकल, ब्लॉक सी