माणुसकीच्या आड दडलेले सरकार

एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने देश हादरला, तेव्हा रुग्णांच्या नातेवाइकांना शासनाच्या दारापेक्षा हातातल्या फोनचा आधार अधिक वाटला. ट्विटर, फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर रुग्णाचे वय, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, गाव एवढाच मजकूर असलेल्या असंख्य हाका उमटल्या. कोणी रिकाम्या खाटांच्या याद्या केल्या, कोणी रात्र-रात्र जागून सिलिंडर भरून देणाऱ्यांचे पत्ते पडताळले. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी जिवाचे रान केले. या सेवाभावाविषयी दुमत नाही. परंतु त्याचे गोडवे गाऊन ‘सरकारवाचूनही समाज तरतो’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची लबाडी उघडी करणे अगत्याचे आहे.

समाज तरला म्हणजे कोण तरले? राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये शहरांतील ४२ टक्के, तर खेड्यांतील अवघ्या १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट होते. पुढे फोन वाढले. पण ज्याला इंग्रजी येते, ज्याची हाक एखादा नट वा पत्रकार पुढे पाठवतो, त्याचाच रुग्ण रांगेत पुढे सरकला. शेतमजुराची, ऊसतोड कामगाराची हाक झोपडीतच विरली. खाट निकड पाहून द्यावयाची असते. येथे ती ओळख पाहून मिळाली. आणि सरकारने हाच न्याय लसीला लावला! १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला ऑनलाइन नोंदणीची सक्ती झाली. सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळण्यास २४ मे उजाडला.

दुसरी गोष्ट माहितीची. रेमडेसिव्हिर आणि प्लाझ्मा यांसाठी सर्वाधिक वणवण झाली. रुग्णालयात दाखल रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता. प्लाझ्मा तर १७ मे २०२१ रोजी सरकारी उपचारसूचीतून वगळला गेला. म्हणजे अनेक कुटुंबांनी दागिने मोडून काळ्या बाजारात जे शोधले, त्याने जीव वाचण्याची खात्री नव्हती. दोष त्या कुटुंबांचा नव्हे. चिठ्ठी हातात देऊन नातेवाइकांना बाजारात पिटाळणाऱ्या वैद्यकीय व्यवसायाचा आणि वेळेवर ठामपणे न बोलणाऱ्या शासनाचा तो दोष आहे.

आणि या हाकांचे शासनाने काय केले? उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात आजोबांसाठी ट्विटरवर प्राणवायू मागणाऱ्या तरुणावर पोलिसांनी गुन्हा नोंदविला. अखेर ३० एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले की, अशी गाऱ्हाणी दडपणे हा न्यायालयाचा अवमान मानला जाईल. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या बत्रा रुग्णालयाने, प्राणवायू संपल्याने एका डॉक्टरसह रुग्ण दगावल्याचे उच्च न्यायालयाला सांगितले. तरीही २० जुलै रोजी केंद्र सरकारने राज्यसभेत उत्तर दिले की, प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंची राज्यांनी विशेष नोंद कळविलेली नाही. कागदावर नोंद नाही, म्हणून मेलेला माणूस मेला नाही! जनतेच्या त्या हाका हाच आता या मृत्यूंचा उरलेला दप्तरखाना आहे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे कबूल केले होते. साथीच्या ऐन धुमाळीत, २०२१-२२ मध्येही, तो १.८४ टक्केच होता. उरलेली तूट लोकांनी घरे गहाण टाकून आणि स्वयंसेवकांनी झोप मोडून भरून काढली.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. रुग्णाला खाट मिळवून देणारा कार्यकर्ता मोलाचा; पण ती खाट मुळात का नव्हती, हे विचारणारा त्याहून मोलाचा. साथीत जुळलेले मदतीचे गट मोडू देऊ नयेत. त्यांनी आपल्या तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पदे, औषधसाठा, प्राणवायूची सोय यांचा हिशेब मागावा. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रानेही तो करावा यासाठी रस्त्यावर यावे. संघर्षाविना केलेली सेवा अखेर सरकारच्या नाकर्तेपणावर घातलेले पांघरूण ठरते. पुढच्या साथीपूर्वी ते ओढून काढले पाहिजे.