यंत्राला एकर कळत नाही

शेतकऱ्याने संगणक शिकावा की नाही, हा वाद आता उरलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची जी नोंद पूर्वी तलाठी करीत, ती शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून करावयाची झाली. मोबाइल हाही संगणकच होय. तेव्हा विचार करावयाचा तो शिकविण्याच्या रीतीचा; आणि ती रीत पुष्कळ ठिकाणी चुकीची आहे.

वर्ग भरतो, यंत्राच्या भागांची नावे पाठ करून घेतली जातात, व्याख्या उतरवून दिल्या जातात आणि मंडळी घरी जातात. नांगराच्या भागांची नावे घोकून कोणास नांगरता आले आहे? शेतकऱ्यास प्रथम समजले पाहिजे ते एवढेच की, संगणकास शेतीची जाण नाही. त्याच्यासाठी कोणीतरी आज्ञांची क्रमवार यादी लिहून ठेवलेली असते. तिलाच प्रोग्रॅम म्हणतात. यादीत आहे ते यंत्र निमूटपणे करते, यादीत नाही ते त्यास सुचत नाही.

क्षेत्राचेच उदाहरण घ्यावे. समजा, एका शेतकऱ्याचा गट ५ हेक्टरांचा असून त्यात २ एकर सोयाबीन आहे. चौकटीत आकडा हेक्टरांत हवा असतो. तो सवयीने २ लिहितो. यंत्राच्या लेखी ते २ हेक्टर, म्हणजे सुमारे ५ एकर झाले. लिहावयास हवे होते ०.८१. 'भरलेले क्षेत्र गटाच्या क्षेत्रापेक्षा अधिक असल्यास नोंद अडवावी' अशी अट प्रोग्रॅममध्ये असली, तरी येथे ती कुचकामी ठरते. कारण २ हे ५ पेक्षा कमीच आहेत. पुढे अतिवृष्टीनंतर पंचनामा होतो तेव्हा रान एक सांगते आणि नोंद दुसरेच. नावाचेही तसेच. बाळू आणि बाळासाहेब एकच, हे साऱ्या गावास ठाऊक असते; परंतु अक्षरास अक्षर ताडण्याची आज्ञा मिळालेले यंत्र त्यांस दोन माणसे समजते.

एवढे उमगले म्हणजे शेतकरी आपण होऊन विचारू लागतो. ह्या चौकटीत एकर की हेक्टर? तारखेत दिवस आधी की महिना? पाठविलेली नोंद पुन्हा कोठे पाहावयाची? असे प्रश्न नवशिक्याचे म्हणून हसण्यावारी नेऊ नयेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासही हेच प्रश्न सोडवावे लागतात.

सध्या अनेकजण फोन दुसऱ्याच्या हाती देऊन, आलेला ओटीपीही सांगून मोकळे होतात. कोऱ्या कागदावर अंगठा उठविण्यास जो शेतकरी कदापि तयार होणार नाही, तोच हे निःशंकपणे करतो. कारण ओटीपी हाही अंगठाच आहे, असे त्यास कोणी सांगितलेले नसते. मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र भरलेला मजकूर वाचून घेतल्यावाचून ओटीपी देऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांनीही फॉर्म स्वतःच भरून देण्याची घाई आवरावी. ऐन खरिपात शिकविण्यास सवड मिळत नाही, हे खरे. म्हणून हा पाठ पेरणीपूर्वी, उन्हाळ्यात, ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर आणि ज्याच्या त्याच्या फोनवर द्यावा.